वाटणीतली फटफटी

माझ्या घरमालकांकडे अर्धी फटफटी होती. अर्धी म्हणजे भागीदारीतली नव्हे, खरोखरची अर्धी. इंजिन यांच्याकडे, आणि सांगाडा, चाकं, हँडल, टाकी, सीट हे सगळं भिंतीपलीकडे धाकट्या भावाकडे. हे कोणाला सांगितलं की लोक हसतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसले होते. आता कोणी हसलं की मला राग येतो.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे मी शिक्षिका म्हणून आंबागडला गेले. मी भंडाऱ्यात वाढलेली. किल्ल्याच्या पायथ्याचं ते गाव मला जगाचं शेवटचं टोक वाटलं. यांच्या घरातली रस्त्याकडची खोली भाड्यानं मिळाली. पहिल्याच सकाळी चहाचं आधण ठेवत होते, तर मागच्या अंगणात काहीतरी फुटलं, आणि मग फुटतच राहिलं. वरचे कवेलू, म्हणजे कौलं, खडखडायला लागले. मी जीव मुठीत धरून बाहेर धावले, तर मालकीणबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या.

"काई नाई जी बाई," त्या सुपातून नजर न काढता म्हणाल्या, "पूजा चालू हाय त्याईची."

मागच्या पडवीत सागाचा एक जाडजूड ठोकळा होता आणि त्यावर आवळून बसवलेलं इंजिन. वरच्या बल्लीला सलाइनची काचेची बाटली उलटी टांगलेली, तिच्यात पेट्रोल, आणि रबरी नळीतून ते इंजिनात ठिबकत होतं. दवाखान्यातला रोगीच म्हणा ना. समोर पन्नाशीचे, उंच, काटकुळे मालक बनियन-धोतरावर उभे, आणि हातातल्या सुपानं इंजिनाला वारा घालत होते.

"गरम होते बिचारं," ते ओरडून मला म्हणाले. "गाडीवर असतं तं धावताधावता हवा लागली असती."

त्या आवाजाचंही कारण होतं. सायलेन्सर वाटणीत पलीकडे गेला होता. ज्याला लाथ मारून गाडी चालू करायची तो गिअरबॉक्सही सांगाड्यात अडकलेला, म्हणून तोही पलीकडे. मग हे सुताची दोरी गुंडाळून, दात आवळून हिसका मारत. पाचसहा हिसक्यांत इंजिन पेटायचं, थोडा वेळ धडधडायचं, मग ते स्वतः बंद करायचे, फडक्यानं पुसायचे आणि हात जोडून आंघोळीला जायचे. ऊन असो, पाऊस असो, घरात पाहुणे असोत, यात कधी खंड नाही. माझी शाळेतली मुलं त्या आवाजावर पाटीदप्तर उचलायची.

ही फटफटी त्यांच्या वडिलांनी कामठीच्या छावणीतल्या लिलावातून आणली होती. लढाईतली, इंग्रजी बनावटीची. वडील मोहफुलं, लाख, तेंदूपत्ता यांचा व्यापार करायचे. त्यांना स्वतःला ती कधी चालवता आली नाही. दोघं पोरं मात्र तिच्यावरच मोठी झाली. थोरला चालवायचा, धाकटा मागे बसायचा; तुमसरच्या बाजारात जायचं, वाटेत बंद पडली की दोघांनी मिळून खोलायची, जोडायची, पुन्हा निघायचं. पुढे वडील गेले आणि भावांचं बिनसलं. का बिनसलं याच्या गावात निदान पाच कथा होत्या, आणि पाचही सांगणारे शपथेवर सांगायचे. मी एकदा धीर करून मालकांनाच विचारलं.

"आटे गेले," ते म्हणाले. "एकडाव आटे गेले ना बाई, मंग नट कितीही आवळा, फिरतेच. बसत नाई."

एवढंच उत्तर. माणसांबद्दल ते याच भाषेत बोलायचे. अमक्याचा प्लग ओला, तमक्याचं पेट्रोल कमी आणि धूर जास्त. माझ्या हेडमास्तरांना ते "उतारावरची गाडी" म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर ते अगदी बरोबर होतं.

वाटणीला पंच बसले. भांडी तोलून वाटली, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मोजून वाटल्या, अंगणातून भिंत घातली. फटफटीपाशी येऊन घोडं अडलं. थोरला म्हणे माझी, धाकटा म्हणे माझी. पैसे घेऊन सोडायला एकही तयार नाही. तेव्हा पंचांतल्या एका म्हाताऱ्यानं निवाडा दिला, एकाला इंजिन, एकाला सांगाडा. निवाडा कसला, ती त्यांची युक्ती होती. अर्धी गाडी कोणाच्या काय कामाची? चार दिवस फुगून बसतील, मग एकजण दुसऱ्याच्या दारात जाईल, असा त्यांचा हिशेब.

हे म्हातारे मी असतानाही यांच्या ओट्यावर येऊन बसायचे. आतून इंजिनाचा आवाज आला की मान खाली घालायचे.

"मले वाटलं, दिवाईपावतर येतीन जाग्यावर," ते एकदा मला म्हणाले. "किती दिवाया झाल्या, पोरी. थोरला म्हणते मोठ्यानं काहून मागाचं. धाकटा म्हणते मी लहान, त्यानं एकडाव बोलवावं. मी काय कराव मंग?"

लोक समजतात, मालकांसारखा माणूस गरीब, निरुपद्रवी असेल. मुळीच नव्हता. भारी हेकट. तुमसरचा एक मिस्त्री कामासाठी गावात आला होता, त्यानं नुसता इंजिनाकडे हात नेला तर त्याला पडवीतून हाकलून दिलं. मालकीणबाईंची कणीक मळायची परात रॉकेलमध्ये सुटे भाग धुवायला पळवायचे. त्या घरच्या पोळीला कायम एक वास असायचा. ओल धरू नये म्हणून बारीकसारीक वस्तू तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचे. मला एकदा जेवायला बोलावलं होतं, तर भातात बेअरिंगचा छर्रा लागला. मी दात चाचपत होते आणि हे आनंदानं ओरडले, "सापडला! परवापासून पाहून राहिलो होतो!"

मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. "जेवू तं द्या जी तिले," एवढंच म्हणाल्या.

बरं, सगळं त्यांना कळत होतं असंही नाही. अमावस्येला इंजिन रुसतं अशी त्यांची पक्की समजूत होती, त्या दिवशी ते दोरीला जास्त हिसके देत आणि मग म्हणत, पाहा, रुसलं. एकदा पेट्रोल आलं नाही म्हणून बाटलीत मोहाची दारू भरली. इंजिनानं दोन उचक्या दिल्या आणि गप्प झालं. वासावर गावातले दोघेतिघे मात्र पडवीत येऊन बसले, ते उठता उठेनात.

धाकट्यांकडे मी त्यांच्या मुलीच्या अभ्यासासाठी जायची. भिंतीपलीकडचं ते घर या घरासारखंच, फक्त डावंउजवं उलटं. पडवीत स्टँडवर उभी केलेली फटफटी, म्हणजे तिचा सांगाडा. नवरीसारखा नटवलेला. टाकी लख्ख, चाकाच्या तारा पुसलेल्या, चेनला तेल. मधोमध जिथे इंजिन असायचं तिथे मोठं भोक, आणि त्यातून कोंबड्या ये-जा करायच्या. धाकटे बुटके, गोरे, हसरे. थोरल्यांचे भाऊ वाटायचेच नाहीत. संध्याकाळी ते त्या सीटवर बसायचे. हँडलपाशी नव्हे, मागच्या जागेवर. पुढची रिकामी ठेवून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं, दुसऱ्यांदा नाही आलं.

एकदा मी निघताना त्यांनी हळूच विचारलं, "बाई, तिकडचं कसं काय हाय?"

"बरे आहेत," मी म्हटलं.

"नाई जी, त्याईचं नाई. इंजिनाचं." मग आवाज आणखी उतरवून, "टापेट वाजून राहिले दोनचार दिवसांपासून. कट् कट् येते. ढिले झाले असतीन. मी म्हटलं म्हून सांगू नका पण."

मी सांगितलं नाही. नुसतं सकाळी मालकांजवळ उभं राहून म्हटलं, आज आवाजात जरा कट् कट् येतंय का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चोरी करताना सापडले होते. पाना घेतला, झाकण काढलं. दुसऱ्या सकाळी कट् कट् गेलेली होती.

"बाई," दोरी गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, "तुमचा कान लय बारीक झाला जी आमच्या गावात येऊन." आणि हसले. त्यांना हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं.

मालकांचंही लक्ष तसंच पलीकडे. वर्षातून एकदा कवेलू फेरायला माणूस लागतो. हे मात्र जेव्हातेव्हा छपरावर. मला कौतुक वाटायचं, किती घराची काळजी. एकदा वाळवण घालायला मी मागे गेले, तर छपराच्या कण्यावर बसून ते भिंतीपलीकडे खाली पाहत होते. धाकटे तेव्हा मागचं चाक काढून काहीतरी करत बसले होते. हे वरून टक लावून बघतायत, ओठ हलतायत. मनातल्या मनात सांगत असावेत, असा नाही रे, तसा. मला पाहिल्यावर त्यांनी हाताला लागेल तो कवेलू उचलला आणि पुन्हा होता तिथेच ठेवला.

मी एकदा मालकीणबाईंना म्हटलं, हे दोघं बोलत का नाहीत? एवढं तर प्रेम आहे. त्या म्हणाल्या, "प्रेम हाय म्हून तं. नसतं तं कवाचे बोलले असते."

माझं तिथलं तिसरं की चौथं वर्ष असेल. श्रावण होता, रोवणी आटोपली होती. रविवार, म्हणून मी घरीच. दुपारी गल्लीतून माणसं धावली. धाकट्यांना बांधीत साप चावला होता. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाणी फोडायला वाकले आणि हातालाच डसला. उचलून घरी आणून खाटेवर टाकलं होतं. दंड गमछ्यानं आवळला होता. तुमसरच्या दवाखान्यात नेणं एवढाच उपाय होता. पण आठवडाभराच्या पावसानं नाल्यावरचा रस्ता खचला होता, एस.टी. गावात येत नव्हती. जंगलखात्याची जीप साहेबांना घेऊन लांब गेलेली. गावात दुसरी फटफटी नव्हती. होती ती हीच, आणि ती भिंतीच्या दोन बाजूंना होती.

मी तिथे पोचले, तोवर मालक आलेले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दारातून आत. खाटेजवळ थांबले, भावाकडे पाहिलं आणि सरळ पडवीत जाऊन सांगाडा स्टँडवरून उतरवला. चाकं फिरल्याचा आवाज झाला तसे धाकट्यांनी डोळे उघडले. त्यांची जीभ जड व्हायला लागली होती.

"दादा," ते म्हणाले, "मागचा बिरेक नाई लागत."

"मालूम हाय मले," मालक म्हणाले.

एवढ्या वर्षांनंतर दोघा भावांचं झालेलं बोलणं ते एवढंच. यापुढे झालंही नाही.

सांगाडा ढकलत दाराशी आणून ते जमलेल्या लोकांना म्हणाले, "अर्धा घंटा थांबा. मी नेतो त्याले. नाल्यातून निघते फटफटी. बैलाच्या खासरानं सांज होईन. मी नेतो."

मग त्या पंचांतल्या म्हाताऱ्यांनी मालकांना विचारलं, "बापू, अर्ध्या घंट्यात जुळते का थे?"

हा माणूस आयुष्यात कधी "मला माहीत नाही" म्हणाला नव्हता. अमावस्येलाही त्याच्याकडे उत्तर होतं. तो तोंड उघडून उभा राहिला आणि म्हणाला, "माईत नाई."

धाकट्यांची बायको पदर सावरून दारात उभी होती. ती म्हणाली, "खासर जुपा." तिचं चुकलं असं मी कोणाला म्हणू देणार नाही. कोणत्या बाईनं नवऱ्याचा जीव पान्यावर सोडला असता?

खासराला बैल जुंपले, खाली तणस अंथरली, धाकट्यांना निजवलं. गाडी यांच्या दारावरून गेली तेव्हा हे पडवीत इंजिन ठोकळ्यावरून सोडवत होते. मान वर न करता ओरडले, "व्हा पुढं! पोचतो मी! पोचतो!"

मालकीणबाई, मी आणि गल्लीतली दोन माणसं इंजिन उचलून धरत होतो. त्यांनी देव्हाऱ्यामागून एक कापडाची पुरचुंडी काढली. इंजिन सांगाड्यात बसवायचे सगळे बोल्ट, वायसर, चेनची कडी, सगळं तेल लावून बांधून ठेवलेलं. एकावरही गंजाचा ठिपका नव्हता. ती पुरचुंडी पाहिली आणि मालकीणबाईंनी तोंडात पदर कोंबला. नवऱ्यानं वर्षानुवर्षं काय जपलं होतं ते त्यांनाही त्या दिवशीच कळलं.

एरवी एक नट लावायचा तरी मालक दोनदा पुसून, फुंकून लावायचे. त्या दिवशी पुसायचंही भान नव्हतं. बोल्ट भोकात जाईना तसे कपाळ आपटून घेत. "चाल, बस ना रे, बस," असं त्याच्याशी बोलत. सायलेन्सर लावला, टाकीत पेट्रोल ओतलं, बाटलीची नळी उपटून फेकली. अर्धा तास केव्हाच होऊन गेला होता. तासही झाला असेल, जास्तच. शेवटी गाडी ढकलत रस्त्यावर आणली, वर बसले आणि लाथ मारली.

पहिल्याच लाथेला चालू झाली. आणि आवाज केवढा हळू! आम्हाला त्या कान फोडणाऱ्या धडधडीची सवय. सायलेन्सरमधून ती अगदी शहाण्या माणसासारखी बोलत होती. गल्लीतली सगळी माणसं बाजूला सरकली आणि ते मागच्या ब्रेकशिवाय चिखलातून निघून गेले.

पुढचं मला खासर हाकणाऱ्यानं सांगितलं. नाला ओलांडून गाडी मोठ्या रस्त्याला लागायच्या आतच धाकटे गेले होते. त्यांनी बैल परत वळवले. "आमी येऊन राहिलो होतो. थो समोरून आला फटफटीवर, मस्त येऊन राहिला होता. दूरून दिसलो आमी, आन् थांबला. काईच इचारलं नाई त्यानं. बैलाच्या चालीवरूनच समजला असन."

मालकांनी फटफटी बंद केली. खाली उतरून भावाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग खासराच्या मागे मागे फटफटी ढकलत चालायला लागले. लोकांनी सांगितलं, बसून या, चालू करा. ऐकलं नाही. धडधाकट गाडी नाल्याच्या पाण्यातून ढकलत आणली, चढावर ढकलत आणली. गावात शिरले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि ते धापा टाकत होते.

त्यानंतर सकाळी आवाज येईना. माझी मुलं शाळेत उशिरा यायला लागली. फटफटी यांच्या पडवीत उभी होती. पूर्ण, ठाकठीक, कोणीही बसून निघावं अशी. गावाला वाटलं, आता हे चालवतील. मालकीणबाईंनाही वाटलं. मला तर वाटलं होतंच.

तेरवी झाली. दुसऱ्या सकाळी पडवीतून पान्यांचा आवाज आला. मी आत गेले तर मालकीणबाई कोपऱ्यात उभ्या राहून रडत होत्या. "अजी, जुळलेली गाडी कोणी खोलते का जी? काय करून राहिले तुमी?" मालक एक एक बोल्ट काढत होते, पुसत होते, कापडावर ठेवत होते. इंजिन सुटं करून पुन्हा ठोकळ्यावर बसवलं. मग सांगाडा घेऊन बाहेर पडले. मला म्हणाले, "बाई, तुमी संग चाला."

मला का बोलावलं ते तिथे गेल्यावर कळलं. त्या भागात धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, समोरासमोर बोलत नाही. मध्ये कोणी तरी लागतं. ती दाराच्या आड, पदर पुढे ओढून उभी होती. हे उंबऱ्याबाहेर, सांगाडा धरून. दोघांच्या मध्ये मी.

"बाई, त्याईले सांगा," ती आतून म्हणाली, "आता तिकडंच राहू द्या थे. इथं कोणाले पाह्यजे?"

त्यांना ऐकू आलं होतं. तरी मी सांगितलं. त्यांनी हँडलवरचं रबर अंगठ्यानं पुसलं.

"तिले सांगा," ते म्हणाले, "थे त्याच्या वाटणीची हाय. त्यानं कुठं देल्ली मले?" आणि सांगाडा उंबऱ्याला टेकवून पुन्हा म्हणाले, "त्यानं तं देल्लीच असती. मी मागतलीच नाई."

तिलाही ऐकू आलं होतं. पदराआडून हुंदका आला. तरी रीत म्हणून मला ते पुन्हा, शब्दन् शब्द, तिला सांगावं लागलं.